नव्या फोनला ऊन का बाधते?

गुढीपाडवा सरला की छत्रपती संभाजीनगरात ऊन आणि लग्नसराई बरोबरच जोर धरतात. चिकलठाणा वेधशाळेतील पारा चाळिशीकडे सरकू लागतो आणि पैठण गेट, गुलमंडी, कॅनॉट भागातील मोबाईलच्या दुकानांत नव्या फोनची चौकशी वाढते. मुलाची दहावी संपली म्हणून, अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त म्हणून, तर कधी जुना फोन अगदीच थकला म्हणून हप्त्यांवर नवा फोन घेतला जातो. मग आठ-दहा दिवसांत तक्रारी सुरू होतात. फोन हातात धरवत नाही इतका गरम होतो. दुपारी बाहेर काढला की स्क्रीन आपोआप मंद होते. वेरूळला व्हिडिओ काढताना कॅमेरा मध्येच बंद पडतो. चार्जिंग ८० टक्क्यांवर येऊन अडते. ‘इतके पैसे मोजून सदोष फोन गळ्यात पडला,’ असा निष्कर्ष काढून ग्राहक पुन्हा दुकानाची पायरी चढतो.

यातील बहुतेक तक्रारी बिघाडाच्या नसतात. फोन स्वतःला आणि वापरणाऱ्याला वाचवण्यासाठी जे करतो, तेच ग्राहकाला बिघाड वाटते. उलट ज्या दोन-तीन खुणा खरोखर धोक्याच्या असतात, त्यांकडे ‘चालतंय की अजून’ म्हणून दुर्लक्ष होते. साधे गरम होणे कोणते आणि धोक्याचे कोणते, हा फरक कळला तर दुकानाच्या खेपा वाचतील आणि काही वेळा घरातली आगही टळेल.

फोनला घाम येत नाही

माणसाचे शरीर तापले की घाम येतो, घाम वाळताना उष्णता घेऊन जातो. संगणकात पंखा असतो. फोनमध्ये यातले काहीच नसते. प्रोसेसर, बॅटरी आणि चार्जिंगचे सर्किट यांत तयार होणारी उष्णता धातूच्या पत्र्यातून किंवा ग्रॅफाइटच्या पातळ थरातून पाठीकडे येते आणि तिथून हवेत जाते. हा एकच मार्ग.

मात्र उष्णता हवेत किती वेगाने जाईल, हे फोन आणि हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. समजा, फोनची पाठ ४३ अंश सेल्सिअसवर आहे. जानेवारीत २८ अंशांच्या खोलीत हा फरक १५ अंशांचा असतो. मे महिन्यात त्याच खोलीत ४० अंश असतील, तर फरक उरतो फक्त ३ अंशांचा. म्हणजे उष्णता बाहेर पडण्याचा वेग साधारण एक पंचमांशावर येतो. काम तेच, फोन तोच. पण उष्णता निघायला वाट नाही. ती आत साठते आणि फोन आणखी तापतो.

अशा वेळी फोनमधील तापमान मोजणारे संवेदक जागे होतात. प्रोसेसरचा वेग कमी होतो, म्हणून गेम अडखळतो. स्क्रीनचा उजेड कमी होतो. फ्लॅश आणि कॅमेरा बंद होतात. चार्जिंग मंदावते किंवा थांबते. तरीही भागले नाही तर तापमानाची सूचना येऊन फोन निवण्याची वाट पाहतो. ॲपल आपल्या आयफोनसाठी वापराच्या जागेचे तापमान ० ते ३५ अंश असावे, असे सांगते. बंद ठेवलेल्या फोनसाठी वरची मर्यादा ४५ अंशांची आहे. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांतील जवळपास प्रत्येक दुपार यातील पहिली मर्यादा ओलांडते. म्हणजे फोन मुळात ज्या हवेत चालावा असे गृहीत धरलेले असते, त्याबाहेरच्या हवेत तो इथे रोज चालतो.

पहिला आठवडा वेगळा

नवा फोन पहिल्या काही दिवसांत जास्त तापतो आणि बॅटरीही लवकर संपते. जुन्या फोनमधले फोटो, व्हॉट्सॲपचे जुने संदेश, ॲप्स असे सगळे एकदम उतरत असते. फोन त्यांची यादी बनवतो, फोटोंतील चेहरे ओळखून गट पाडतो, प्रत्येक ॲपची नवी आवृत्ती घेतो. स्क्रीन बंद दिसत असली तरी आत काम सुरूच असते. तीन-चार दिवसांत, फार तर आठवड्यात हे निवळते.

कधी दोष सॉफ्टवेअरचाही असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ मालिका बाजारात आली, तेव्हा फोन तापत असल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. सुरुवातीच्या दिवसांतील आतले काम, प्रणालीतील एक चूक आणि काही ॲप्स ही कारणे कंपनीने सांगितली आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुधारित आवृत्ती दिली. म्हणून नव्या फोनचा निकाल पहिल्या दिवशी लावू नये. अपडेट घ्यावेत, आठवडा जाऊ द्यावा आणि मग सकाळच्या गार वेळेत, कव्हर काढून, चार्जिंगला न लावता फोन वापरून पाहावा. तेव्हाही साध्या बोलण्याने किंवा संदेश वाचण्याने तो चटका बसण्याइतका तापत असेल, तर तक्रार खरी आहे. वॉरंटीतील फोन घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जावे. दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे.

तापलेल्या फोनमुळे आणखी एक भीती पसरते. फोन गरम झाला म्हणजे त्यातून ‘रेडिएशन’ वाढले, अशी. हाताला लागणारी उष्णता प्रामुख्याने प्रोसेसर, बॅटरी आणि चार्जिंग यांची असते. रेडिओ लहरींसाठी भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून दर किलोग्रॅम ऊतीमागे १.६ वॉट ही कमाल मर्यादा लागू आहे. आपल्या फोनचा आकडा डायल पॅडवर *#०७# दाबून पाहता येतो. फोनच्या गरमपणाशी त्या आकड्याचा थेट संबंध नाही.

बाहेरचे ऊन किती?

भर दुपारी निरभ्र आकाशात एका चौरस मीटरवर साधारण १,००० वॉट इतकी सौर ऊर्जा पडते. फोनचा आकार सुमारे १६ सेंटीमीटर बाय साडेसात सेंटीमीटर धरला, तर त्याच्या वाट्याला १२ वॉट येतात. नेहमीच्या वापरात फोन स्वतः खर्च करतो ती ऊर्जा दोन-तीन वॉटच्या आसपास असते. म्हणजे दुचाकीच्या हँडलवरील स्टँडला लावलेला काळा फोन स्वतःच्या उष्णतेच्या चार-पाच पट ऊन अंगावर घेत असतो. त्यात नकाशा सुरू, उजेड पूर्ण आणि वर पॉवर बँकेची वायर. जालना रोडवर भर दुपारी पार्सल पोहोचवणाऱ्याचा फोन पत्ता दाखवता दाखवता बंद पडतो, त्यामागे हे साधे गणित आहे.

बंद गाडीतील स्थिती याहून वाईट. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांची मोजणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. बाहेर ३८ अंशांच्या पुढे तापमान असताना तासाभरात डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांवर गेला होता. ॲरिझोनाचा उन्हाळा मराठवाड्याहून कडक असला, तरी मे महिन्यातील आपली दुपारही ३८ अंशांच्या वरच असते. स्कूटरच्या डिक्कीत आणि पत्र्याच्या छताखालच्या फळीवरही फोन असाच शेकत राहतो.

तापलेला फोन लवकर निवावा म्हणून फ्रीजमध्ये ठेवण्याचा प्रकार मात्र टाळावा. गार पडलेला फोन बाहेर काढताच हवेतील बाष्प त्याच्या आत-बाहेर पाणी होऊन धरते, तसे थंड पाण्याच्या बाटलीवर धरते तसेच. कुलरच्या तोंडाशी, जिथे पाण्याचे तुषार येतात, तिथेही फोन ठेवू नये. सावलीत, कव्हर काढून, पंख्याच्या वाऱ्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवणे पुरेसे.

बॅटरीचे वय कशाने वाढते?

आजच्या फोनमधील लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये प्रथम बाजारात आली. तिच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तिच्यात लिथियमचे आयन एका बाजूच्या ग्रॅफाइटमधून दुसऱ्या बाजूच्या धातू-ऑक्साईडमध्ये ये-जा करतात. मध्ये असतो एक सेंद्रिय द्रव, जो ज्वलनशील आहे. ही ये-जा चालू असताना काही नको असलेल्या रासायनिक क्रियाही मंद गतीने होत राहतात. त्या थोडे थोडे लिथियम अडकवून ठेवतात आणि क्वचित वायू तयार करतात. बॅटरी म्हातारी होते ती यांमुळे.

या क्रियांना दोन गोष्टींनी वेग येतो. पहिली उष्णता. ढोबळ मानाने तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग दुपटीच्या आसपास जातो. दुसरी गोष्ट पूर्ण चार्ज. १०० टक्के भरलेल्या बॅटरीत विद्युतदाब सर्वाधिक असतो आणि आतील द्रवावर त्याचा ताण पडतो. पूर्ण भरलेली बॅटरी तापलेल्या खोलीत तासन्‌तास ठेवली, की दोन्ही गोष्टी एकत्र येतात. उन्हाळ्यात रात्रभर चार्जरला लावलेल्या फोनचे नेमके हेच होते.

म्हणून अनेक नव्या फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, तर काही फोन ८० नंतरचा भाग पहाटे उठायच्या वेळेच्या बेताने भरतात. ही सेटिंग सुरू असल्याचे माहीत नसले की ग्राहकाला तो दोष वाटतो. उन्हाळाभर ती सुरूच ठेवण्यात फायदा आहे. मात्र गावाकडे जिथे लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही, तिथे घरातील किमान एक फोन पूर्ण भरलेला असणे अधिक मोलाचे. बॅटरी बदलता येते, रात्री-अपरात्री रुग्णवाहिका बोलावण्याची वेळ बदलता येत नाही.

जलद चार्जिंगचेही गणित समजून घ्यावे. विद्युतप्रवाह दुप्पट केला की तारेत आणि बॅटरीत वाया जाणारी उष्णता चौपट होते. घाईच्या वेळी जलद चार्जर सोयीचा. रोज दुपारी, जाड कव्हरसह आणि त्याच वेळी व्हिडिओ पाहत तो वापरणे बॅटरीला महागात पडते. सकाळी उठल्यावर किंवा संध्याकाळी खोली निवल्यावर चार्जिंग करणे सर्वांत चांगले. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या फोनसाठी ८०० पूर्ण चार्जनंतरही बॅटरीत ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, असा नियम केला आहे. बॅटरी तेवढी टिकणे तंत्राला शक्य आहे. ती प्रत्यक्षात किती टिकेल, हे मात्र ती कोणत्या तापमानात राहते यावरही ठरते.

फोन कामाचा, हवा इथली

फोन गरम होणे, अडकणे ही हौशी ग्राहकाचीच तक्रार नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले होते. बालकांची वजने, उंची आणि आहाराच्या नोंदी ‘पोषण ट्रॅकर’ या ॲपवर भरायच्या. पण हातातील फोनची रॅम अवघी २ जीबी. फोन हँग होतो, तापतो, दुरुस्तीचा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो आणि ॲप इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या.

यामागचे तंत्र सरळ आहे. रॅम म्हणजे कामाचे टेबल. टेबल लहान असले की एक वही उघडायला दुसरी मिटवून कपाटात ठेवावी लागते. फोन सतत हीच उचल-ठेव करतो, प्रोसेसरला उसंत मिळत नाही, फोन तापतो. तापला म्हणून वेग कमी होतो आणि तेच काम आणखी रेंगाळते. अशा फोनमुळे नोंद राहून गेली, तर वजन घटलेले एखादे मूल यादीत उशिरा येते. त्यामुळे शाळा, रुग्णालय, जिल्हा परिषद किंवा कंपनीसाठी मोठ्या संख्येने फोन घेताना किंमत आणि कॅमेरा यांबरोबर दोन प्रश्न विचारायलाच हवेत: ज्या ॲपवर काम करायचे आहे ते या फोनवर तासभर सलग चालवून पाहिले का? आणि ४० अंशांच्या खोलीत चालवून पाहिले का?

झोपेत बसणारा चटका

तापलेली वस्तू हाताला झोंबली की हात आपोआप मागे जातो. झोपेत तसे होईलच असे नाही. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी १९४७ मध्ये दाखवून दिले की, ४४ अंशांची वस्तूही त्वचेला सलग सुमारे सहा तास टेकून राहिली तर त्वचा भाजते. त्यापुढे प्रत्येक अंशामागे ही वेळ साधारण निम्मी होत जाते. ४४ अंश म्हणजे हाताला फक्त ‘चांगलाच गरम’ वाटणारा फोन. चार्जिंगला लावून उशीखाली, पांघरुणात किंवा पोटाशी ठेवलेल्या फोनची उष्णता कापसात कोंडते आणि तो सहज एवढा तापू शकतो.

सर्वाधिक जपायला हवे ते मधुमेहींनी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. अनेक वर्षांच्या मधुमेहात पायांच्या नसा बधिर होतात, चटका जाणवत नाही आणि जखम लवकर भरत नाही. पक्षाघाताचे रुग्ण, झोपेची गोळी घेणारे ज्येष्ठ आणि तान्ही बाळे यांच्या अंथरुणातही चार्जिंगचा फोन नको.

भाजलेच, तर त्या जागेवर २० मिनिटे साधे गार पाणी सोडावे. गच्चीवरील टाकीतून येणारे पाणी दुपारी स्वतःच तापलेले असते. त्याऐवजी माठातील पाणी हळूहळू ओतत राहावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप लावू नये. अंगठी, बांगडी सूज येण्याआधी काढावी. फोड मोठा असेल, जखम चेहऱ्यावर किंवा हाताच्या पंज्यावर असेल किंवा रुग्ण मधुमेही असेल, तर घरगुती उपचारांवर न थांबता डॉक्टरांना दाखवावे.

धोक्याची खूण कोणती?

५,००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास ऊर्जा साठते. एक पेलाभर पाणी उकळीला आणण्याइतकी. ही ऊर्जा दिवसभरात सावकाश वापरली जाते म्हणून जाणवत नाही. आतील दोन बाजूंमधला पातळ पडदा फाटला किंवा वितळला तर ती काही क्षणांत बाहेर पडते. एका ठिकाणची उष्णता शेजारच्या भागाला पेटवते आणि आग स्वतःच वाढत जाते. २०१६ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ या फोनला आगी लागल्या, तेव्हा कंपनीला जगभरातून फोन परत घेऊन उत्पादनच थांबवावे लागले. दोष बॅटरीच्या रचनेत आणि निर्मितीत असल्याचे जानेवारी २०१७ मध्ये जाहीर झाले.

असे प्रसंग विरळा असतात आणि बहुतेक वेळा आधी खुणा दिसतात. फोनची पाठ उचलली जाणे, स्क्रीन कडेने सुटणे, टेबलावर ठेवल्यावर फोन डोलणे म्हणजे आत बॅटरी फुगली आहे. गोडसर किंवा रसायनासारखा वास येणे, वापरात नसतानाही फोन तापणे, पडल्यानंतर किंवा पाण्यात गेल्यानंतर तापू लागणे याही तशाच खुणा. अशा फोनचे चार्जिंग लगेच थांबवावे. फुगलेली बॅटरी दाबून बसवू नये, तिला टाचणी लावून ‘हवा काढू’ नये. फोन बंद करून फरशीवर, कपडे-कागदांपासून दूर ठेवावा आणि सर्व्हिस सेंटरला द्यावा. जुनी बॅटरी घंटागाडीच्या कचऱ्यात टाकू नये. कचरा दाबला जाताना तीच आग लावते.

चार्जिंग करताना धूर निघालाच, तर आधी मेन स्विच बंद करावा, फोन हातात घेऊ नये, घरातील सर्वांना खोलीबाहेर काढावे. या धुरात विषारी वायू असतात. वीज बंद झाल्याची खात्री असेल आणि जवळ जाणे शक्य असेल, तरच दुरून भरपूर पाणी ओतावे. आग वाढत असेल तर १०१ किंवा ११२ वर फोन करावा.

उन्हाळ्यापुरते एवढे पाळा

• चार्जिंग सकाळी किंवा रात्री खोली निवल्यावर, कडक सपाट जागेवर, कव्हर काढून करावे. अंथरूण, उशी, सोफा नको.
• ८० टक्क्यांची मर्यादा सेटिंगमध्ये सुरू करावी. दूर प्रवास किंवा लाईट जाण्याची शक्यता असेल तेव्हा पूर्ण भरावा.
• दुचाकीवर नकाशा आवाजावर ऐकावा, फोन खिशात किंवा पिशवीत ठेवावा. बंद गाडीत, डिक्कीत फोन सोडू नये.
• चार्जर आणि पॉवर बँक घेताना बीआयएसचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा.
• तापमानाची सूचना आल्यावर फोन पुन्हा पुन्हा सुरू करत बसू नये. सावलीत निवू द्यावा. आयफोनमध्ये ही सूचना दिसत असतानाही आपत्कालीन कॉल करता येऊ शकतो.

ज्या दुपारी फोन तापून बंद पडतो, नेमक्या त्याच दुपारी एखाद्याला उष्माघात होऊन १०८ वर फोन करावा लागण्याची शक्यता सर्वाधिक असते. शेतात, बांधकामावर किंवा दूरच्या प्रवासात असणाऱ्यांनी म्हणून एवढे तरी करावे: बरोबरच्या माणसांपैकी एकाचा फोन सावलीत, नेट बंद करून, निम्म्याहून अधिक भरलेला राखून ठेवावा.